बाईंना परदेशी पाठवायचंय, पण नेमकं कसं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमची १९९६ ची दहावीची तुकडी. शाळा तालुक्याच्या गावातली, मराठी माध्यमाची, अनुदानित. यंदा सगळ्यांनी मिळून सहा लाख रुपये जमवलेत. काही जण म्हणतात, डिजिटल बोर्ड घेऊ. मला वाटतं, शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला जग बघायची संधी देऊ. एक प्रवासी कंपनी फिनलंडचा सात दिवसांचा ‘शैक्षणिक अभ्यासदौरा’ काढते. माणशी पावणेतीन लाख, म्हणजे दोघं जातील. पत्रक सोबत जोडलंय. मुख्याध्यापक म्हणतात, त्यातलं एक नाव संस्थेच्या अध्यक्षांचं असू द्या. आमच्या मनात विज्ञानाच्या बाई आहेत. वय तेहेतीस. गेली चार वर्षं त्या मुलांकडून गावातल्या विहिरींची पातळी मोजून घेतात. पण विचारलं तर म्हणाल्या, “नको, मला इंग्रजी बोलता येत नाही. आणि घरी सासूबाईंचं बघावं लागतं.” आमच्यातले तिघं अमेरिकेत स्थायिक आहेत. ते आणखी पैसे द्यायला तयार आहेत, पण परत आल्यावर पाच वर्षं शाळा सोडणार नाही असं बाईंनी लिहून द्यावं, अशी त्यांची अट आहे. काय करावं? (नाव, गाव छापू नये.)

सप्रेम नमस्कार.

माजी विद्यार्थी शाळेला काहीतरी देऊ म्हणतात तेव्हा गाडी बहुतेक वेळा कमान, रंगरंगोटी, नाहीतर पाण्याच्या टाकीवर येऊन थांबते. तुम्हाला शिक्षकासाठी खर्च करावासा वाटला याचा मला मनापासून आनंद झाला. ज्यांनी तुम्हाला शिकवलं ते सर आणि बाई आता निवृत्त झाले असतील. आज वर्गात उभ्या असलेल्या माणसांना तुमच्यातले बरेच जण ओळखतही नसतील. तरी तुम्ही त्यांचा विचार करताय, हे मोठं आहे. बोर्डाचा वाद लांबवू नका. त्यासाठी आमदार निधी आहे, कंपन्यांचे सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचे निधी आहेत. शिक्षकाच्या वाढीसाठी पैसे देणारं तालुक्याच्या गावात कुणी नसतं.

आता ते पत्रक. मी ते नीट वाचलं. दौऱ्याची तारीख ९ ते १५ जून आहे आणि तिसऱ्या, चौथ्या दिवशी ‘शाळाभेट व वर्गनिरीक्षण’ लिहिलंय. फिनलंडच्या शाळा मेअखेर, फार तर जूनच्या अगदी पहिल्या दिवसांत बंद होतात आणि ऑगस्टमध्ये उघडतात. म्हणजे बाई तिथे पोचतील तेव्हा त्यांना रिकामी बाकं, चकचकीत जिने आणि फार तर एखादा अधिकारी दाखवला जाईल. कंपनी सिंगापूरचा पर्याय पुढे करेल, कारण पत्रकाच्या मागच्या बाजूला तोही आहे. तिथली मधली सुट्टीही मेअखेर ते जूनअखेर असते. शिवाय आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. नवे प्रवेश, पुस्तकवाटप, पटनोंदणी अशा ऐन धांदलीत बाई परदेशी! हे वेळापत्रक शिक्षकांसाठी आखलेलं नाही, विमानाच्या आणि हॉटेलच्या दरांकडे बघून आखलंय.

असल्या कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. कुठल्या शाळेत जाणार, त्या शाळेचं निमंत्रणपत्र कुठे आहे, आणि चालू वर्गात किती तास बसायला मिळणार. उत्तर गुळमुळीत आलं तर ती सहल समजा. सहल वाईट नसते, बाईंनी जरूर जावं, पण ती अभ्यास म्हणून विकत घेऊ नका. आणि कुठे ‘आंतरराष्ट्रीय आदर्श शिक्षक पुरस्कार, सोबत दुबई दौरा, नोंदणी शुल्क अमुक’ असं दिसलं, तर तिकडे फिरकूही नका. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर असली आमंत्रणं रोज फिरतात. बिचारे शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून जातात आणि ट्रॉफी घेऊन येतात. गुणवत्तेवर निवड करणारा माणूस तुमच्याकडे पैसे मागत नाही, एवढी एकच कसोटी लावली तरी निम्मा कचरा दूर होतो.

सरकारं शिक्षकांना पाठवतात तेव्हा काय करतात, तेही बघा. पंजाबने २०२३ मध्ये मुख्याध्यापकांची पहिली तुकडी सिंगापूरला पाठवली, २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांना फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात पाठवलं. त्याआधी दिल्ली सरकारने हा रस्ता धरला होता. त्यावर राजकारणही भरपूर झालं. पण त्यात घेण्यासारखी गोष्ट ही की समोर शिकवणारी संस्था होती, ठरलेला अभ्यासक्रम होता, आणि परत आलेल्या माणसाचे सहकारीही तेच शिकून आले होते. एकटा माणूस सात दिवसांत काय आणणार? फिनलंडमध्ये पहिलीला शिकवणाऱ्यालाही पदव्युत्तर पदवी लागते. आपल्याकडे एका वर्गात साठ मुलं आणि प्रयोगशाळेत चार सूक्ष्मदर्शक असतात. तिथलं उचलून इथे लावता येत नाही. जाणाऱ्याच्या हातात स्वतःचा प्रश्न असेल तरच काहीतरी हाती लागतं.

आणि तुमच्या बाईंकडे तो प्रश्न आहे. त्याकडे येतोच.

आधी पैशांचं. मला तुम्हाला एकच गोष्ट पटवायची आहे: शिक्षकाच्या परदेशी तिकिटाचे पैसे देणारं जगात कुणीतरी असतं, तिकिटाच्या आधीचे आणि नंतरचे पैसे देणारं कुणीच नसतं. तुमचे सहा लाख तिथे लावा.

अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भारतात त्याचं काम युसिफ म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन बघतं. १९५० मध्ये दोन्ही देशांच्या करारातून ही संस्था उभी राहिली आणि तिचं एक कार्यालय मुंबईत आहे. लोकांना वाटतं, फुलब्राइट प्राध्यापकांसाठीच असतं. शाळेतल्या शिक्षकांसाठी त्यांचे दोन स्वतंत्र कार्यक्रम आहेत. एक सहा आठवड्यांचा, माध्यमिक शिक्षकांसाठी. त्यात अमेरिकी विद्यापीठात प्रशिक्षण मिळतं आणि तिथल्या शाळेत, तिथल्या शिक्षकाच्या जोडीने प्रत्यक्ष वर्गातही काम करायला मिळतं. विज्ञान, गणित, इंग्रजी, सामाजिक शास्त्रं असे विषय चालतात. दुसरा एका सत्राचा, त्यात शिक्षक आपला स्वतःचा प्रकल्प घेऊन जातो. प्रवास, राहणं, विमा असा मुख्य खर्च कार्यक्रमच करतो. मात्र २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने अशा देवाणघेवाणीचा निधी काही काळ रोखला होता, तेव्हा यंदाची जाहिरात निघाली आहे का, हे युसिफच्या संकेतस्थळावर बघूनच बाईंच्या डोक्यात विषय घाला.

जपान सरकारची शिक्षक-प्रशिक्षण शिष्यवृत्ती आपल्याकडे फारच कमी लोकांना माहीत आहे. प्राथमिक-माध्यमिक शाळेत पाच वर्षं शिकवलेल्या, पस्तिशीच्या आतल्या शिक्षकाला साधारण दीड वर्ष जपानी विद्यापीठात बोलावतात. त्यातले पहिले काही महिने जपानी भाषा शिकवतात. जाण्यायेण्याचं विमानभाडं मिळतं, फी नाही, आणि महिन्याला १,४३,००० येन विद्यावेतन. अर्ज जपानी दूतावासाकडे करायचा. वय मोजायची तारीख १ एप्रिल. बाईंचं वय तेहेतीस, म्हणजे ही खिडकी लवकरच बंद होणार. सासूबाई घरी असताना दीड वर्ष त्यांना जमेल असं मला वाटत नाही, पण तो निर्णय त्यांचा आहे. आपण परस्पर ‘त्यांना जमणार नाही’ म्हणून माहितीच द्यायची नाही, असं बाईमाणसांच्या बाबतीत फार होतं. कागद हातात द्या, मग त्यांचं त्या ठरवतील.

जीनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कण-भौतिकी प्रयोगशाळेत जगभरातल्या माध्यमिक विज्ञान शिक्षकांसाठी उन्हाळ्यात दोन आठवड्यांचा वर्ग भरतो. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तिथल्या आवारात भारताने २००४ मध्ये भेट दिलेली नटराजाची मोठी मूर्ती उभी आहे, आणि आपल्या एखाद्या तालुक्याच्या शाळेतली बाई त्या मूर्तीपाशी उभी असावी असं मला फार वाटतं. दोन आठवडे घरातून निघणं दीड वर्षापेक्षा कितीतरी सोपं. जर्मन शिकवणाऱ्या शिक्षकांना ग्योथे इन्स्टिट्यूट जर्मनीत प्रशिक्षणाला पाठवतं. ते तुमच्या शाळेला लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल म्हणून लिहितो.

आता हिशोब करा. फुलब्राइट किंवा जपानची शिष्यवृत्ती बाईंना मिळाली तर मोठा खर्च दुसरं कुणी करणार. मग बाई अडणार कुठे? पासपोर्ट नाही तिथे. घरी लॅपटॉप नाही, मोबाइलवर दोन हजार शब्दांचा अर्ज भरायचाय तिथे. इंग्रजी चाचणीच्या तयारीला तालुक्यात क्लास नाही तिथे. मुलाखतीला, व्हिसाला मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात जायचं, राहायचं, तिथे. रजा विनावेतन झाली आणि घराचा हप्ता चालू आहे तिथे. सासूबाईंना सांभाळायला दिवसभराची बाई लावायची तिथे. आणि सर्वांत मोठं म्हणजे त्या नसताना नववी-दहावीचे विज्ञानाचे तास कोण घेणार, तिथे.

या शेवटच्या गोष्टीकडे कुणाचंच लक्ष जात नाही. शिक्षक सहा आठवडे गेला की त्याचे तास इतरांच्या ऑफ तासांवर येऊन बसतात. पहिल्या आठवड्यात सगळे हसतमुखाने घेतात. तिसऱ्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कुजबूज सुरू होते, पाचव्या आठवड्यात पालक मुख्याध्यापकांकडे येतात. परत आलेल्या बाईंचं स्वागत कसं होईल, तुम्हीच सांगा. म्हणून तुमच्या निधीतला पहिला मोठा खर्च हा ठेवा: गावातला किंवा शेजारच्या गावातला एखादा निवृत्त विज्ञान शिक्षक तासिका तत्त्वावर, नीट मानधन देऊन नेमा. बाई जायच्या आधी पंधरा दिवस त्यांनी बाईंच्या वर्गात बसावं. मुलांचं नुकसान होत नाही हे दिसलं की बाईंच्या मनावरचं निम्मं ओझं उतरेल, आणि सहकाऱ्यांचंही.

आता त्यांच्या ‘नको’कडे येऊ. तुम्ही त्यांना कसं विचारलं, ते पत्रात लिहिलेलं नाही. पण मी अंदाज करतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत, तीन-चार माजी विद्यार्थी समोर, चहा आलेला, आणि कुणीतरी म्हणालं, “बाई, तुम्हाला फिनलंडला पाठवायचं ठरवलंय!” अशा वेळी शहाणी बाई ‘नको’च म्हणेल. तिला विचार करायला वेळ नाही, घरी बोललेली नाही, आणि बाजूला बसलेल्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला दिसतंय. तो नकार प्रवासाला नाही, विचारायच्या पद्धतीला आहे. पुन्हा जा, पण दोघांनीच. तुमच्या तुकडीतली एखादी मैत्रीण सोबत घ्या, शक्यतो त्यांच्या घरी जा, सासूबाईंशीही बोला. “तुम्हाला पाठवतो” म्हणू नका. “तुम्हाला कुठे जाऊन काय बघावंसं वाटतं?” एवढं विचारा आणि उत्तरासाठी महिनाभर थांबा.

इंग्रजीची भीती खोटी नाही, तिची थट्टा कुणी करू नये. मराठी माध्यमातून शिकलेले, डीएड-बीएड झालेले शिक्षक इंग्रजी वाचतात, समजतात. तोंड उघडायची वेळ आली की घसा कोरडा पडतो, कारण गावात बोलायला माणूसच नसतं. इथे तुमचे अमेरिकेतले तिघं खरे उपयोगी पडतील, आणि त्याला पैसा लागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास त्यांनी बाईंशी व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत बोलावं. व्याकरण सुधारायला बसू नये. विषय एकच: विहिरी.

त्या विहिरींच्या वहीबद्दल मला तुम्ही आणखी लिहायला हवं होतं. म्हणून मीच थोडी कल्पना करतो. मुलं दोरीला दगड बांधून, दर मीटरला गाठ मारून पाणी कुठे लागतं ते बघत असतील. पावसाळ्यानंतरचा आकडा आणि मेमधला आकडा यात केवढा फरक पडतो, कुठल्या आळीतली विहीर आधी आटते, कुणी नवी बोअर मारली की शेजारच्या विहिरीचं काय होतं, हे सगळं त्या वहीत असेल. चार वर्षांच्या सलग नोंदी, त्याही मुलांच्या हातच्या! राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा जे काम आपल्या निरीक्षण विहिरींवर करते, तेच काम ही पोरं आपापल्या आळीत करताहेत. बाईंना याची किंमत माहीत नसेल, कारण त्यांना कुणी सांगितलेली नाही. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या निवड समितीसमोर ही वही ठेवली तर फिनलंडची दहा प्रमाणपत्रं तिच्यापुढे फिकी पडतील. अर्जात ‘तुम्ही वर्गात काय वेगळं केलं?’ हा प्रश्न हमखास असतो, आणि बहुतेकांना तिथे ‘विविध उपक्रम राबवले’ यापलीकडे लिहायला काही नसतं.

‘ग्लोब’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. अमेरिकेची ‘नासा’ त्याच्या मागे आहे. शंभराहून अधिक देशांतली शाळकरी मुलं हवा, पाणी, माती, झाडं यांची मोजमापं ठरलेल्या पद्धतीने घेतात आणि एका जागी नोंदवतात. भारतही त्यात आहे. ‘आयअर्न’ हे शिक्षकांचं असंच जुनं जाळं, १९८८ पासूनचं. त्यातला एक प्रकल्प मला फार आवडतो. दोन देशांतले दोन वर्ग एकमेकांना पोस्टाने एक मऊ खेळणं पाठवतात. ते अस्वल, किंवा जे काही असेल ते, पाहुणं म्हणून मुलांच्या घरोघरी जाऊन राहतं आणि मुलं त्याच्या नावाने रोजनिशी लिहून पलीकडच्या वर्गाला कळवतात. बाईंनी विमानात बसण्याआधी वर्षभर असं काहीतरी करून बघावं. बाहेरच्या शिक्षकांशी ओळखी होतात, इंग्रजी आपसूक हलतं, आणि पुढे जाणं झालंच तर तिथे कुणीतरी ओळखीचं असतं. नाहीच झालं, तरी चाळीस मुलांना जग भेटलेलं असतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० मध्ये दहा लाख डॉलरच्या जागतिक शिक्षक पुरस्कारापर्यंत पोचले. त्यांच्या कामातही वर्गात बसून परदेशातल्या मुलांशी संवाद, ऑनलाइन सहली हा मोठा भाग होता. आणि त्या माणसाने निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे मला पुरस्काराहून मोठं वाटतं.

त्याच डिसले यांना फुलब्राइट मिळाली तेव्हा त्यांच्या रजेचा प्रश्न २०२२ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत आला आणि शेवटी शिक्षणमंत्र्यांना त्यात लक्ष घालावं लागलं. जगाने गौरवलेल्या शिक्षकाची ही कथा, तर तुमच्या बाईंच्या अर्जाचं काय होईल? तेव्हा रजेचं काम निवड झाल्यावर काढू नका, अर्ज भरतानाच काढा. तुमची शाळा खासगी अनुदानित, म्हणजे सेवाशर्ती खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या अधिनियमाखालच्या आणि १९८१ च्या नियमावलीच्या. रजा संस्था मंजूर करणार, पण पगार शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून येतो, म्हणून शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आणि वेतन पथक या दोन्ही ठिकाणी कागद हवा. रजा कुठल्या प्रकारात बसते, त्या काळात वेतन मिळणार का, वार्षिक वेतनवाढ आणि बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी यासाठी तो काळ धरणार का, हे लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्यायची. बाईंना वर्ग सोडून हेलपाटे घालणं जमणार नाही. तुमच्या तुकडीतला कुणी जिल्ह्याच्या गावी राहत असेल तर त्याने ही फाइल आपली मानावी. खरं सांगू? लाखभर रुपये देण्यापेक्षा ही मदत मोठी आहे.

पाच वर्षांच्या बंधपत्राची अट काढून टाका. फुलब्राइटवर जाणाऱ्याला त्या व्हिसाच्या नियमाप्रमाणेच परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. तुम्ही वेगळं काही लिहून घ्यायची गरज नाही. दुसरं म्हणजे, अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला शाळा न सोडणं त्याच्या हातात कुठे असतं? पट घसरला, संचमान्यतेत म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात पद कमी झालं, की बाई अतिरिक्त ठरतील आणि त्यांचं समायोजन दुसऱ्या शाळेत होईल. मग त्या तुमच्या बंधपत्राला बांधील की सरकारी आदेशाला? आणि समजा बाई दुसऱ्या शाळेत गेल्या, तर तिथली मुलंही याच तालुक्यातली. तिथेही विहिरी आहेत.

अमेरिकेतल्या मित्रांच्या पैशांबाबत कायद्याची एक बाजू त्यांना आजच सांगा. तिघांपैकी ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी योगदान धरले जात नाहीत. ज्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलंय, तो ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्डधारक असला तरी कायद्याने विदेशी स्रोत ठरतो. त्याच्याकडून देणगी घ्यायला संस्थेला किंवा तुमच्या मंडळाला एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. नोंदणी नसताना असे पैसे खात्यात आले तर त्रास शाळेला होतो, पाठवणाऱ्याला नाही. पुढेमागे तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाचा विचार केलात तर हेही लक्षात ठेवा: सरकारी किंवा सरकारच्या नियंत्रणाखालच्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याला परदेशात विदेशी स्रोताचं आदरातिथ्य स्वीकारायला याच कायद्याखाली केंद्राची पूर्वपरवानगी लागते. म्हणून नागरिकत्व बदललेल्या मित्रांनी वेळ द्यावा, अर्ज तपासावेत, मुलाखतीचा सराव घ्यावा, बाई तिकडे गेल्या तर एखादा रविवार घरी जेवायला बोलवावं.

अध्यक्षांचं तिकीट काढू नका. याला मी दुसरा शब्द वापरणार नाही. त्यांचा मान शाळेच्या कार्यक्रमात ठेवा, निधीच्या समितीत एक जागा द्या, रजा मंजूर केल्याबद्दल जाहीर आभार माना. शिक्षकांच्या नावाने जमवलेल्या पैशातून पदाधिकारी फिरून आले असं एकदा गावात झालं, की पुढची दहा वर्षं कुठलीही तुकडी शाळेला रुपया देणार नाही.

आणि सहाच्या सहा लाख एका बाईंवर लावू नका, त्यांनाही ते जड जाईल. त्यातून दरवर्षी दोन-तीन शिक्षकांच्या पाठीशी उभं राहता येईल एवढा हा निधी आहे. शिक्षकांनी एका पानाचा, मराठीत अर्ज करावा: मी वर्गात काय करून बघतोय, कुठे अडलोय, आणि ते बघायला कुठे जायचंय. निवडायला शाळेबाहेरचे दोन निवृत्त शिक्षक बसवा. निकाल शंभर टक्के लागला म्हणून कुणाला निवडू नका. अजून शिक्षणसेवक असलेल्या, वीस-चाळीस टक्के अनुदानावर तगून राहिलेल्या शिक्षकांना वगळू नका. त्यांच्यापर्यंत तर काहीच पोचत नाही. आणि प्रत्येक प्रवास परदेशीच हवा असंही नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञानशोधिका, मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ पासून तीस वर्षं चाललेल्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगातून तयार झालेली माणसं आणि पुस्तकं, दिल्लीच्या सीसीआरटी या सरकारी सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्राचे देशभरातल्या शिक्षकांना एकत्र आणणारे वर्ग. नागालँडच्या शिक्षकाशेजारी पंधरा दिवस बसलेला आपला शिक्षक वर्गात भूगोल वेगळाच शिकवतो. बाईंचा पहिला प्रवास असाच होऊ द्या. पहिलं विमान, पहिलं परक्या माणसांत बोलणं इथेच झालं, तर जीनिव्हा तेवढं लांब वाटणार नाही.

परत आल्यावर सत्कार, शाल, शंभर पानी अहवाल यांतलं काही मागू नका. दोन शनिवार मागा. तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांना बोलवा, बाईंनी तिकडे पाहिलेला एक तास इथल्या मुलांसोबत घेऊन दाखवावा, आणि मग सगळ्यांनी बसून बोलावं, काय चालेल, काय नाही. चहा-नाश्ता निधीतून.

पासपोर्टला मात्र थांबू नका. बाईंचं ‘हो’ असो वा ‘नको’, शाळेतल्या ज्या शिक्षकांना हवा असेल त्या सगळ्यांचा काढून द्या. छत्तीस पानी पुस्तिकेची फी दीड हजार रुपये आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुणाला हे सांगणार असाल तर त्यांना ना-हरकत प्रमाणपत्रासाठी महिनोन्‌महिने थांबायची गरज नाही, कार्यालयाला पूर्वसूचना पत्र देऊन त्याची प्रत जोडली तरी चालतं. अर्ज भरण्याआधी जन्मदाखला, दहावीची सनद, आधार आणि सेवापुस्तक समोर ठेवून नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकसारखं आहे का बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज हमखास तिथेच अडकतात, आणि पुढची प्रत्येक शिष्यवृत्ती, प्रत्येक व्हिसा त्याच स्पेलिंगवर चालतो.